खिडकीपासून सुरुवात : मुंबईच्या वास्तूंचे हजार तुकड्यांचे जिगसॉ पझल कसे लावावे

मुंबईच्या वास्तूंचे हाताने रेखाटलेले चित्र असलेले हजार तुकड्यांचे जिगसॉ पझल पहिल्यांदाच लावायला बसलेली व्यक्ती बहुधा एकाच ठिकाणी अडते. ती तुकड्यांचे रंगांनुसार ढीग करू लागते. निळा ढीग आकाशाचा आणि समुद्राचा, हिरवा ढीग मैदानाचा, असे करत गेल्यावर तिच्या लक्षात येते की उरलेला सर्वांत मोठा ढीग एकाच हळदुव्या-तपकिरी रंगाचा आहे आणि त्यातला कोणता तुकडा कोणत्या इमारतीचा हे सांगता येत नाही. यात तिचा दोष फारसा नाही. दक्षिण मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातील कितीतरी सार्वजनिक इमारती मालाड आणि कुर्ला येथील खाणींतल्या पिवळसर दगडात बांधल्या गेल्या. राजाबाई मनोरा, डेव्हिड ससून ग्रंथालय, पूर्वी क्रॉफर्ड मार्केट म्हटली जाणारी महात्मा जोतिबा फुले मंडई या वास्तूंचा रंग एकाच कुळातला आहे आणि गेटवे ऑफ इंडियाचा बेसॉल्टही पिवळाच आहे. चित्रकाराने शहराशी प्रामाणिक राहायचे ठरवले, तर चित्राचा मोठा भाग त्याला याच रंगात रंगवावा लागतो. म्हणून मुंबईचे पझल रंगावरून लावू नये, खिडक्यांवरून लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढे दिलेल्या बहुतेक सूचना त्या एका गोष्टीभोवती आहेत.

जिगसॉची सुरुवात १७६० च्या दशकात लंडनमध्ये झाली असे मानले जाते. जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशे लाकडी फळीवर चिकटवले, देशांच्या सीमारेषांवरून ती फळी कापली आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी ते तुकडे विकले. त्या जुन्या नकाशात एक तुकडा म्हणजे एक देश असे, त्यामुळे हातात आलेल्या तुकड्याला स्वतःचा काही अर्थ असे. आजच्या पुठ्ठ्याच्या पझलमध्ये कापणाऱ्या साच्याला चित्राशी काही देणेघेणे नसते. एकाच तुकड्यावर उच्च न्यायालयाच्या छपराचा कोपरा, अर्धे ताडाचे झाड आणि शेजारच्या इमारतीची एक खिडकी असे काहीही येऊ शकते. त्या तुकड्याला अर्थ देण्याचे काम आता लावणाऱ्याकडे आले आहे, आणि त्यासाठी इमारती थोड्या तरी ओळखता याव्या लागतात.

पझल निवडताना

छायाचित्राचे पझल आणि रेखाटलेल्या चित्राचे पझल यांत मोठा फरक आहे. छायाचित्रात प्रकाश हळूहळू बदलत जातो, म्हणून एकाच भिंतीच्या दोन टोकांचे तुकडेही रंगछटेवरून वेगळे काढता येतात. रेखाटनात चित्रकार पूर्ण भिंतीला एकच सपाट रंग देतो, परंतु त्या बदल्यात तो प्रत्येक कमान, कठडा आणि जाळी स्वच्छ रेषेत काढतो. शिवाय तो भूगोल मोडतो. प्रत्यक्षात एकमेकींपासून कोसभर दूर असलेल्या इमारती तो खांद्याला खांदा लावून उभ्या करतो, आवडत्या इमारतीला मोठे करतो आणि नावडतीला मागच्या रांगेत ढकलतो. म्हणून शहराचा नकाशा डोक्यात ठेवून हे पझल लावू नये. डब्यावरचे चित्र हाच येथे एकमेव नकाशा समजावा.

दुकानात डबा हातात घेतल्यावर मी सर्वांत आधी खिडक्या पाहते. चित्रकाराने सर्व इमारतींना सारख्याच चौकोनी खिडक्या काढल्या असतील, तर ते चित्र भिंतीवर कितीही देखणे दिसले तरी लावताना कंटाळवाणे होते आणि शहराविषयी काही शिकवतही नाही. टोकदार कमान, महिरपी कमान, गोल खिडकी, आडवा पट्टा असा भेद चित्रात स्पष्ट दिसत असेल तरच ते घ्यावे. पुठ्ठा सुमारे २ मिलिमीटर जाडीचा असावा, कारण पातळ पुठ्ठ्याच्या कडा दोन-तीनदा काढघाल केल्यावर फुलतात. पृष्ठभाग चकचकीत नसावा, नाहीतर ट्यूबलाइटचा उजेड थेट डोळ्यांवर परावर्तित होतो आणि बारीक रेषा दिसत नाहीत. डब्यात चित्राची मोठी छापील प्रत दिलेली असेल तर उत्तम. नसेल तर झाकणावरच्या चित्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, ते हवे तेव्हा मोठे करून पाहता येते.

अगदी पहिलेच पझल असेल तर ५०० तुकड्यांपासून सुरुवात करावी. ज्यांनी असे एक-दोन लावले आहेत त्यांनी १,००० तुकडे घ्यावेत. घरात लहान मुले सोबत बसणार असतील तर तुकड्यांची संख्या कमी करण्यापेक्षा संख्या तीच ठेवून त्यांना एखादीच इमारत सोपवावी, असा माझा अनुभव आहे. माझ्या भाच्याला सातव्या वर्षी मी फक्त गेटवे दिला होता आणि त्याने तो दोन संध्याकाळी एकट्याने लावला.

जागा आणि मांडणी

हजार तुकड्यांचे पझल पूर्ण झाल्यावर साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद होते. मात्र तुकडे पसरून ठेवायला जवळजवळ तेवढीच आणखी जागा लागते. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाचे टेबल पंधरा दिवस अडवून ठेवणे शक्य नसते, त्यामुळे सुताराकडून ९० बाय ६० सेंटिमीटरची प्लायवुडची फळी कापून घ्यावी आणि तिच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकून घ्यावी. रोजचे काम झाले की ही फळी दिवाणाखाली सरकवता येते. फळीवर फिकट, एकरंगी कापड ताणून लावल्यास तुकडे घसरत नाहीत.

सुटे तुकडे ठेवण्यासाठी वेगळे ट्रे विकत आणण्याची गरज नाही. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांची झाकणे, स्टीलची पसरट ताटे किंवा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या कडा दुमडून केलेले सूप यांपैकी काहीही चालते. ताटात एकावर एक ढीग न करता तुकडे एका थरात, चित्राची बाजू वर ठेवून पसरावेत. उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने, थोडा तिरपा येईल असे बसावे. हे का, ते पुढे चुका शोधण्याच्या भागात येईल.

केर काढण्याविषयी एक सूचना आत्ताच देते, कारण ती नंतर दिली तर उशीर झालेला असतो. पझल चालू असेपर्यंत त्या खोलीतला केर सुपलीत भरल्यावर, तो टाकण्याआधी, बोटाने एकदा चाळून पाहावा. माझ्या एका पझलमधला टॅक्सीचा तुकडा असाच वाचला.

पहिली संध्याकाळ

पिशवी थेट फळीवर रिकामी करू नये. कापलेल्या पुठ्ठ्याचा बारीक भुसा तुकड्यांबरोबर आलेला असतो आणि तो खाचांमध्ये अडकला की तुकडे नीट बसत नाहीत. मोठ्या भोकांच्या चाळणीत मूठ-मूठ तुकडे घेऊन हलकेच हलवावेत, खाली परात ठेवावी. चाळताना जोडीने निघालेले तुकडे सुटे करावेत. ते कारखान्यातच जोडलेले राहिले असतील तर त्यांची जोडी खरी असते हे मान्य आहे, परंतु त्यावर विसंबण्याची सवय लागू नये.

यानंतर सर्व तुकडे चित्राची बाजू वर करून पालथ्याचे उताणे करावेत आणि हे करतानाच सरळ कड असलेले तुकडे वेगळे काढावेत. येथे थोडे गणित उपयोगी पडते. हजार तुकड्यांची बहुतेक पझल्स ४० बाय २५ किंवा ३८ बाय २७ अशा जाळीत कापलेली असतात. दुसऱ्या रचनेत प्रत्यक्षात १,०२६ तुकडे असतात, पण दोन्ही रचनांत कडेचे तुकडे १२६ च येतात, त्यांपैकी चार कोपऱ्यांचे. ५०० तुकड्यांच्या २५ बाय २० च्या जाळीत ही संख्या ८६ असते. पहिल्या फेरीत शंभर-सव्वाशेच्या आसपास तुकडे सापडले की चौकट लावायला घ्यावी. राहिलेले दोन-चार शोधण्यासाठी पूर्ण ढीग पुन्हा उपसत बसू नये, ते पुढे आपोआप हाती येतात.

चौकट लावताना एक फसवणूक हमखास होते. आकाशाच्या वरच्या कडेचे तुकडे एकाच रंगाचे असतात आणि त्यांच्या जिभा व खाचा इतक्या सारख्या असतात की चुकीचा तुकडाही बसतो. म्हणून वरची कड शेवटी लावावी. खालची कड आधी घ्यावी, कारण तेथे रस्ता, पदपथ, माणसे, गाड्या असे काही ना काही असते. दोन बाजूंच्या लांबीत एका तुकड्याचा जरी फरक आला तरी चूक वरच्या कडेत आहे असे समजावे.

सुलट बाजू ओळखणे

रेखाटलेल्या पझलचा एक मोठा फायदा नवशिक्यांना कोणी सांगत नाही. इमारती उभ्या असतात, त्यामुळे इमारतीच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याची वरची बाजू कोणती हे तो लावण्याआधीच ठरवता येते. भिंतीच्या, खांबांच्या आणि खिडक्यांच्या उभ्या रेषा पाहून तुकडा दोनच प्रकारे धरता येतो हे कळते, आणि कमानीचा वळणदार भाग वर असणार हे लक्षात घेतले की एकच प्रकार उरतो. चित्रकार सहसा सर्व इमारतींची सावली एकाच बाजूला टाकतो. डब्यावरच्या चित्रात ती बाजू एकदा पाहून ठेवली की खिडकीच्या कोणत्या कडेला गडद रेषा आहे यावरूनही तुकडा सुलटा करता येतो. चार दिशांऐवजी एकाच दिशेने तुकडा लावून पाहायचा असल्याने श्रम चौथ्या हिश्श्यावर येतात.

चित्रात अक्षरे असतील तर त्यांपासून आरंभ करावा. इमारतींची नावे, दुकानांच्या पाट्या, बसवरचा क्रमांक यांचे तुकडे सहज सापडतात. देवनागरी पाट्या तर फारच उपयुक्त असतात, कारण शिरोरेषा तुकडा सरळ कसा धरायचा ते सांगते आणि ती पुढच्या तुकड्यावर कोणत्या उंचीवर जाणार हेही दाखवते.

खिडक्यांवरून वर्गवारी

आता पिवळ्या ढिगाकडे वळू. या ढिगाची मी पाच ताटांत विभागणी करते, आणि ती करताना रंगाकडे लक्ष देत नाही.

पहिल्या ताटात टोकदार कमानी जातात. ही गॉथिक शैलीची खूण आहे. कमानीच्या दोन्ही बाजू वर जाऊन टोकाला मिळतात, तिच्या आत आणखी लहान कमानी असतात, वरती एखादे गोल पाकळ्यांचे झरोके असतात, आणि छपरावर उतरते, अणकुचीदार त्रिकोण व सुळके दिसतात. ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा या ताटात येतात. राजाबाई मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, देणगी प्रेमचंद रायचंद यांची आणि नाव त्यांच्या मातोश्रींचे. स्कॉट स्वतः मुंबईत कधीही आले नाहीत. त्यांनी हा आराखडा इंग्लंडमध्ये बसून केला. मनोरा सुमारे ८५ मीटर उंच असून खालचा भाग चौकोनी आणि वरचा अष्टकोनी आहे, ही गोष्ट लावताना फार कामाची आहे. तुकड्यावरची भिंत सपाट, समोरून दिसणारी असेल तर तो खालचा. भिंत दोन्ही कडांना तिरपी मागे वळत असेल तर तो वरचा. उच्च न्यायालयाचे छप्पर जास्त उतरते आणि इमारत आडवी पसरलेली आहे, म्हणून त्याच्या तुकड्यांवर कमानींच्या लांब ओळी येतात.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही याच ताटात सुरू होते, पण त्याला लवकरच स्वतंत्र ताट द्यावे लागते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेल्या या स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. कोरीवकामात सर ज. जी. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता, आणि स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्थापत्यतज्ज्ञांत सीताराम खंडेराव वैद्य होते, ज्यांचे नाव पुढे ताजमहाल हॉटेलच्या उभारणीशीही जोडले गेले. चित्रात हे स्थानक बहुतेक वेळा मध्यभागी आणि सर्वांत मोठे असते, त्यामुळे त्याचेच शंभरावर तुकडे निघू शकतात. ते वरून खाली लावावे. घुमटाच्या शिखरावर प्रगतीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आहे आणि तिच्या उंचावलेल्या हातात मशाल आहे. हा तुकडा कोणत्याही चित्रात ओळखू येतो. घुमटाच्या उभ्या फासळ्या त्याच्या लगेच खाली येतात, आणि मग घड्याळ. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. प्राण्याला आयाळ आहे की अंगावर पट्टे, एवढे पाहिले की डावा-उजवा गोंधळ मिटतो.

गोंधळ खरा होतो तो समोरच्या इमारतीशी. महानगरपालिकेचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच, १८९३ मध्ये पूर्ण झालेले, त्याच पिवळसर छटेचे आणि तेही घुमट असलेले. माझ्या पहिल्या पझलमध्ये या दोन इमारतींचे तुकडे मी चार दिवस एकमेकांत मिसळत होते. फरक असा की पालिकेच्या मनोऱ्यावरचा घुमट कांद्यासारखा फुगीर आहे आणि त्याच्या भोवतीचे लहान घुमटही तसेच आहेत, कारण या इमारतीत स्टीव्हन्स यांनी गॉथिकमध्ये इस्लामी वळणाच्या वास्तुकलेची बरीच भर घातली. पायाशी रुंद आणि रेषांच्या फासळ्यांनी विभागलेला घुमट स्थानकाचा, मधे फुगलेला घुमट पालिकेचा, एवढे लक्षात ठेवावे. चित्रात चर्चगेटजवळील पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असेल तर तेही स्टीव्हन्स यांचेच असून १८९९ मध्ये पूर्ण झालेले आहे. मात्र त्याचा दगड करडा-निळसर व त्यात पांढरे पट्टे असल्याने येथे तेवढ्यापुरती रंगाची मदत घेण्यास हरकत नाही.

दुसऱ्या ताटात महिरपी कमानी, दगडी जाळ्या आणि भिंतीतून पुढे आलेले झरोकेवजा सज्जे घालावेत. ही इंडो-सारसेनिक म्हटली जाणारी शैली, जिच्यात गुजरात, विजापूर अशा ठिकाणच्या जुन्या वास्तूंची वळणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इमारतींत आणली गेली. जॉर्ज विटेट यांचा गेटवे ऑफ इंडिया, त्यांचेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जॉन बेग यांचे जनरल पोस्ट ऑफिस या ताटात येतात. वस्तुसंग्रहालय आणि पोस्ट ऑफिस या दोन्हींच्या घुमटांमागे विजापूरच्या गोल घुमटाची प्रेरणा आहे, त्यामुळे घुमटाच्या आकारावरून त्यांना वेगळे करायला जाऊ नये. वस्तुसंग्रहालय बागेत उभे आहे, म्हणून त्याच्या पायाशी झाडे आणि हिरवळ येते. पोस्ट ऑफिसच्या पायाशी रस्ता आणि वाहने येतात. म्हणजे या दोन इमारती खालून वर लावाव्यात, स्थानकाच्या बरोबर उलट.

गेटवे १९२४ मध्ये खुला झाला आणि त्याची उंची २६ मीटर आहे. चित्रकार त्याच्यामागे ताजमहाल हॉटेल काढतात, जे १९०३ मध्येच, म्हणजे गेटवेच्या एकवीस वर्षे आधी सुरू झाले होते. हॉटेलच्या दर्शनी भागावर एकसारख्या खिडक्यांच्या रांगा असल्याने ते एकट्याने लावणे त्रासाचे जाते. आधी गेटवेची बाह्यरेषा पूर्ण करावी, मग तिला चिकटून दिसणारे हॉटेलचे तुकडे लावावेत, आणि तेथून मध्यवर्ती घुमटाकडे सरकावे.

तिसरे ताट आर्ट डेको शैलीचे. येथे सगळी दिशाच बदलते. गॉथिकच्या रेषा वर धावतात, तर डेकोच्या आडव्या धावतात. सज्जांचे कोपरे गोलाकार वळतात, खिडक्यांवर भुवईसारखे सलग छज्जे असतात, जहाजाच्या खिडकीसारखी गोल तावदाने असतात, आणि मधोमध एखादा उभा पट्टा वर जाऊन लहानशा मनोऱ्यात संपतो. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे भिंतीबाहेर आधाराशिवाय पुढे येणारे पातळ छज्जे आणि कोपऱ्यावरच्या खिडक्या शक्य झाल्या, म्हणून १९३० च्या दशकात बॅकबेच्या भरावावर उभ्या राहिलेल्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेकडील इमारतींचा चेहरा असा आहे. ओव्हलसमोरील एम्प्रेस कोर्ट ही इमारत गजानन म्हात्रे यांची. या शैलीला मुंबईत रुजवणाऱ्या वास्तुरचनाकारांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९३८ चे इरॉस चित्रपटगृह पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होणाऱ्या मनोऱ्यामुळे आणि तांबड्या व फिकट रंगांच्या जोडीमुळे लगेच सापडते. १९३३ चे रीगल चित्रपटगृह चार्ल्स स्टीव्हन्स यांचे, म्हणजे स्थानक बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांच्या मुलाचे. बापाचे तुकडे पहिल्या ताटात आणि मुलाचे तिसऱ्या ताटात येतात, आणि दोन पिढ्यांत शहराची अभिरुची किती बदलली हे टेबलावर शेजारी-शेजारी दिसते. ओव्हलच्या दोन बाजूंच्या या दोन शैलींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ते २००४ मध्येच मिळाले होते.

मरीन ड्राइव्हच्या इमारती चित्रात एका वळणदार रांगेत, जवळजवळ सारख्या उंचीच्या येतात. त्या सुट्या-सुट्या लावण्यापेक्षा आधी समुद्राकाठच्या कठड्याची वक्ररेषा पूर्ण करावी आणि मग प्रत्येक इमारत तिच्यावर उभी करत जावी.

चौथे ताट चाळींचे आणि गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्तीचे. सर्वच चित्रकार यांना जागा देत नाहीत आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मुंबईच्या वास्तुकलेचा उत्सव चाळीशिवाय अपुरा आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत कामगारांच्या पिढ्या वाढल्या आणि त्यांपैकी बहुतेकांचा पुनर्विकास आता सुरू आहे, म्हणून चित्रात तरी त्या राहाव्यात असे वाटते. लाकडी कठड्यांच्या लांब गॅलऱ्या असलेली चाळ पझलमध्ये सर्वांत अवघड असते, कारण कठड्याचे गज सर्वत्र सारखेच असतात. चांगला चित्रकार प्रत्येक खोलीसमोर काहीतरी वेगळे ठेवतो. कोठे वाळत घातलेले लुगडे, कोठे आकाशकंदील, कोठे तुळशीची कुंडी. त्या वस्तूंच्या आधाराने डावीकडून उजवीकडे जावे. खोताच्या वाडीची घरे मात्र कौलारू उतरत्या छपरांमुळे आणि बाहेरच्या जिन्यांमुळे सहज लागतात.

पाचव्या ताटात उरलेले आधुनिक शहर जाते. काचेच्या इमारती पटकन होतात. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तारांसाठी एक युक्ती आहे: मनोऱ्याजवळच्या तारा जवळजवळ उभ्या असतात आणि जसजसे दूर जावे तसतशा त्या जास्त कलत्या होतात. तुकड्यावरच्या रेषेचा कल पाहून तो मनोऱ्यापासून किती अंतरावर बसेल याचा अंदाज येतो.

मैदान, आकाश आणि समुद्र

इमारती संपल्यावर साधारण दीड-दोनशे तुकडे उरतात, ज्यांवर काहीही चित्र नसते. येथे मात्र खिडक्यांचा उपयोग नाही; आकारावर जावे लागते. जाळीत कापलेल्या पझलमध्ये आतल्या तुकड्यांचे सहाच प्रकार संभवतात: चारही बाजूंना जिभा, तीन जिभा आणि एक खाच, समोरासमोर दोन जिभा, शेजारी-शेजारी दोन जिभा, एकच जीभ, आणि चारही बाजूंना खाचा. हिरवे तुकडे या सहा प्रकारांनी सहा ओळींत मांडावेत. मग चित्रातील एखादी रिकामी जागा पाहावी, तिला कोणत्या प्रकारचा तुकडा लागेल हे ठरवावे आणि फक्त त्या ओळीतले तुकडे क्रमाने लावून पाहावेत. हे यांत्रिक काम आहे, परंतु थकलेल्या संध्याकाळी तेच बरे वाटते.

ओव्हलच्या हिरवळीवर क्रिकेट खेळणारी माणसे असतील तर ती आधी लावावीत. आकाश शेवटी ठेवावे.

चुकलेले तुकडे शोधणे

पुढे काही केल्या अडत असेल तर मागे कोठेतरी चुकीचा तुकडा बसलेला असतो. तो शोधण्यासाठी खोलीतला मोठा दिवा बंद करून टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरावी. नीट बसलेल्या तुकड्यांमधील भेगा बारीक आणि सारख्या दिसतात. चुकीच्या तुकड्याची एक कड किंचित वर आलेली असते आणि तिची सावली पडते. संशय असेल तेथे चित्राची रेषा पाहावी. पुठ्ठा फसवू शकतो, पण कमानीची रेषा दोन तुकड्यांवर तुटलेली असेल तर ती कधीही बरोबर नसते. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा फुगतो आणि खरा तुकडाही घट्ट जातो, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये केवळ घट्टपणावरून निकाल देऊ नये, आणि अंगठ्याने दाबून तर कधीच बसवू नये.

चित्र पाहूनही एखादी इमारत उलगडत नसेल आणि मुंबईत असाल, तर ती जाऊन पाहावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकमार्गे ओव्हलपर्यंत चालत गेल्यास अर्ध्या तासात या लेखातील निम्म्याहून अधिक वास्तू दिसतात. खिशात एखादा न लागणारा तुकडा पाकिटात घालून न्यावा. विद्यापीठाच्या कुंपणापाशी उभे राहून मी असाच एक तुकडा राजाबाईच्या मनोऱ्याशी ताडून पाहिला होता आणि मला तो घरी जो उलटा वाटत होता तो सुलटाच असल्याचे तेव्हा कळले. मुंबईबाहेर किंवा परदेशात राहणाऱ्यांनी इमारतीची समोरून काढलेली छायाचित्रे पाहावीत. तिरकी छायाचित्रे उपयोगी पडत नाहीत, कारण चित्रकार बहुधा समोरूनच काढतो.

पूर्ण झाल्यावर

पझल चौकटीत लावायचे असेल तर त्यावर दुसरी फळी ठेवून दोन्ही फळ्या घट्ट धराव्यात, दोघांनी मिळून ते पालथे करावे आणि मागच्या बाजूने रुंद चिकटपट्टीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लावावेत. पाणी घालून पातळ केलेला गोंद पुढच्या बाजूला लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझ्या मते तो नवशिक्यांनी टाळावा, कारण ओलाव्याने पुठ्ठा वाकडा होतो आणि छपाईच्या रेषा फुटतात.

मी स्वतः पझल पुन्हा मोडून ठेवते, म्हणजे ते दुसऱ्या घरी जाऊ शकते. मोडताना संपूर्ण चित्र एकदम उस्कटू नये. इमारतीनुसार तुकडे वेगळे करून प्रत्येकीचे कागदी पाकीट करावे, त्यावर इमारतीचे नाव आणि तुकड्यांची संख्या लिहावी. पुढच्या व्यक्तीला सोपे नको असेल तर ती पाकिटे एकत्र ओतू शकते, पण मूल लावणार असेल तर एक पाकीट उघडून तेवढेच देता येते. सर्व पाकिटे डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात, डब्याला प्लास्टिकची पिशवी घालावी आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर आडवा ठेवावा. उभा ठेवल्यास पाकिटे एका बाजूला सरकून खालच्या तुकड्यांच्या जिभा वाकतात.